ब गटातले उंदीर

ब गटातला पहिला उंदीर उघडल्यावर वाघुळदे मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "शैलजा, हा कुठल्या पिंजऱ्यातला?"

"ब मधला, मॅडम."

"नक्की?"

"शेपटीवर दोन निळ्या रेघा आहेत. ब-दोन."

मॅडमनी चिमट्याने त्याचं यकृत उचलून ट्रेमध्ये ठेवलं. तांबूस तपकिरी होतं, थोडंसं फिकट. तसं ते असायला नको होतं. बारा आठवडे वनस्पती तूप आणि साखर खाल्लेल्या उंदराचं यकृत पिवळट, फुगलेलं आणि हाताला बुळबुळीत लागायला हवं.

"क मधला काढ," मॅडम म्हणाल्या.

क मधल्याचंही तसंच निघालं. तांबूस तपकिरी, थोडंसं फिकट. दुपारपर्यंत आम्ही दोन्ही गटांतले पाच-पाच उंदीर बघितले. दहा यकृतं ट्रेमध्ये ओळीने मांडली होती. चिठ्ठ्या काढून घेतल्या असत्या तर कुठलं कोणाचं हे मला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"फरक नाही," मॅडम म्हणाल्या आणि हातमोजे काढून टाकले.

त्या दोन शब्दांनी मला काय झालं ते समजायला थोडं मागचं सांगायला हवं. आमचं कॉलेज मालवणच्या बाजूला समुद्राला लागून होतं आणि मी तिथे वाघुळदे मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. तिथल्या खडकांवर एक तपकिरी शेवाळ उगवतं, मण्यांसारखे हवेचे फुगे लगडलेलं. ते वाळवून, कुटून, पाण्यात उकळलं की पुढच्या बऱ्याच खटपटीनंतर त्यातून फ्युकॉइडन नावाची एक भुकटी मिळते. ही भुकटी यकृतावर चरबी चढू देत नाही, असं माझं म्हणणं होतं. ते सिद्ध करायला मी पांढऱ्या उंदरांचे तीन गट केले होते. अ गटाला साधं खाणं. ब गटाला तूप-साखर. क गटाला तूप-साखर आणि वर रोज सकाळी बेसनात वळलेली शेवाळाच्या भुकटीची एक गोळी. ब ची यकृतं बिघडायला हवीत, क ची वाचायला हवीत. दोन्ही सारखी निघाली म्हणजे माझं शेवाळ कुचकामी. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती आणि तेव्हा ऑक्टोबर चालू होता.

शिवाय बाबांचं होतं. बाबा कवठेमहांकाळला हायस्कुलात क्लार्क होते. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला माणूस. पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरवर चरबी निघाली. डॉक्टरांनी आई, काका आणि दोन आत्यांच्या देखत पहिला प्रश्न विचारला, "किती घेता?" बाबा उठले, चपला घातल्या आणि घरी आले. त्यानंतर ते कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत आणि दारू न पिताही हा आजार होतो हे मी शंभरदा सांगूनही त्यांचा राग गेला नाही. पथ्य म्हटलं की त्यांना तो प्रश्न आठवायचा. मग मुद्दाम श्रीखंडाची दुसरी वाटी घ्यायचे. फोनवर मात्र आधी उंदरांची चौकशी करायचे, मग माझी. "काय म्हणतात तुझे पेशंट? बरे झाले की सांग, मग मी बघतो."

तर माझा पेशंट तिकडे उंदरांच्या भरवशावर बसला होता आणि इकडे उंदीर असे निघाले.

"तू पिंजरे तर बदलले नाहीस ना?" मॅडमनी विचारलं. त्या मूळच्या भुसावळकडच्या. बोलणं मोजकं, पण एकदा विचारलं की उत्तर घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

"नाही, मॅडम."

"गोळ्या कोण देतं?"

"विश्रामतात्या. पण वळते मी. मोजून डब्यात भरते."

"मग शेवाळातच दम नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येक गटातले पाच अजून शिल्लक आहेत. ते दोन आठवड्यांनी बघू. पण शैलजा, आशा धरू नकोस."

मी होस्टेलवर गेले आणि उशीत तोंड खुपसून भरपूर रडले. रडण्यात मी कधी काटकसर केलेली नाही.

विश्रामतात्या म्हणजे आमच्या प्राणिघराचे सर्वेसर्वा, विश्राम मोंडकर. निवृत्तीला सात-आठ महिने राहिलेले. अंगाने काटक, कानावर केसांचे झुपके, आणि हातात असं काही की बिथरलेला उंदीरही त्यांच्या तळव्यावर बसला की मिश्या साफ करू लागायचा. शेवाळही तेच दाखवायचे. अमावास्येच्या आसपास उजाडताना मोठी ओहोटी लागली की मला खडकांवर घेऊन जायचे आणि सांगायचे, "मुळासकट ओढू नको गो चेडवा. कातरून घे. पुढच्या वर्सा काय खातले तुझे उंदीर?"

पण त्यांची खरी ख्याती वेगळीच होती. पंचक्रोशीत लग्न असो, मुंज असो की देवळातला महाप्रसाद, पंगत वाढायला विश्राम मोंडकर हवाच. पाचशे पानांची पंगत उठेपर्यंत कोणाच्या पानात काय कमी आहे हे त्यांना लांबून दिसायचं. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवले तेव्हा तीन वेळा नको म्हटलं आणि पाच वेळा वाढलं गेलं. उठताना मला भिंतीचा आधार घ्यावा लागला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. एरवी मी प्राणिघरात दहानंतर जायचे, रविवारी तर नाहीच. सकाळचं दाणापाणी तात्या एकटे करत. पण त्या दिवशी पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा एकदा तपासाव्यात म्हणून साडेसातलाच गेले. दार उघडंच होतं. तात्या पाठमोरे उभे होते. धुतलेला शर्ट, खांद्यावर पंचा. डाव्या हातात माझा गोळ्यांचा डबा. तोंडाने काहीतरी पुटपुटत ते ओळीने पुढे सरकत होते.

क-सहाच्या पिंजऱ्याशी थांबले, गोळी काढली, चिमटीत धरून तिचे दोन तुकडे केले. अर्धा तुकडा आत टाकला. मग एक पाऊल उजवीकडे सरकून उरलेला अर्धा ब-सहाच्या पिंजऱ्यात टाकला.

"सावकाश जेव," ते उंदराला म्हणाले.

मी दारातूनच ओरडले, "तात्या! हे काय करताय?"

तात्या दचकलेसुद्धा नाहीत. "नाश्तो देतंय. तू आज लवकर उठलंस?"

"ती गोळी क ची आहे!"

"होय. दिली मा तेका. अर्धी दिली."

"आणि अर्धी?"

"ह्येका." त्यांनी ब-सहाकडे बोट केलं. तो अर्धी गोळी दोन्ही हातांत धरून मन लावून खात होता.

"पण का?"

"का म्हणजे?" आता तात्यांनाच माझं आश्चर्य वाटलं. "एका वळीत बसयलंस तेंका. बाजूवाल्याच्या पानात लाडू आणि ह्येच्या पानात नाय? वास येता गो तेंका. गजांका हात लावून बघीत ऱ्हवतत. पयल्या दिवशी तुझा आयकान मी नाय दिलंय. रात्री माका जेवाण गेला नाय. पंक्तिप्रपंच तो! आमच्याकडे असा कोणी केल्यान तर तेका परत पंगतीत वाढूक घेनत नाय."

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, ब ला द्यायची नाही म्हणून? तीन तीनदा सांगितलं होतं!"

"सांगितलंस. म्हणान तर अख्खी नाय दिलंय."

मी तिथल्या स्टुलावर बसले. हसावं की रडावं हे ठरेना म्हणून रडले. रडत रडत त्यांना सगळं सांगितलं. ब गटाला न देणं हाच प्रयोग होता. त्यांचं बिघडलं तरच क चं वाचलं हे दिसणार. दोघांना अर्धं अर्धं दिल्यामुळे दोघंही सारखे झाले, आणि माझं तीन वर्षांचं काम गेलं. रागाच्या भरात मी असंही म्हणाले, की तुम्ही उंदरांना लाडू दिलात आणि माझ्या पानात माती कालवलीत.

तात्या ऐकत होते. डबा त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. पंचाने हात पुसले, पुन्हा पुसले.

"म्हणजे माझ्यान नासला?"

"हो," मी म्हटलं. तेव्हा मला त्यांची दया आली नाही. आज आठवलं की त्या एका "हो"ची लाज वाटते.

सोमवारी मी मॅडमच्या खोलीत गेले तर तात्या आधीच तिथे उभे. पांढरा सदरा, हातात टोपी. रात्रभर झोपले नसावेत.

"मॅडमांनू, चूक माझी आसा. चेडवाक काय बोलू नकात. माका काढून टाका," ते म्हणाले आणि सगळी हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली, पहिल्या दिवसापासून.

तात्यांचं संपल्यावर मॅडमनी कागद पुढे ओढला.

"रोज अर्धी?"

"रोज."

"रविवारी?"

"आयतवारी तर नक्कीच. सणाच्या दिवशी पण."

"अ गटाला दिलीत?"

"नाय. ते ह्या भिंतीक नाय, ते तिकडे खिडकीकडे. तेंची पंगत येगळी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे हे हसू आहे हे कळायला मला वेळ लागला. "शैलजा, ऐकतेस का? दोन्ही गटांना अर्धा डोस गेलाय. आणि अर्ध्या डोसावरसुद्धा दहाच्या दहा यकृतं इतपत बरी निघाली. शेवाळात दम नाही असं मी म्हणाले होते, ते मागे घेते. दम नव्हता तो आपल्या प्रयोगात."

"पण मॅडम, हे छापता येणार नाही."

"नाही येणार. पुन्हा करावं लागेल. बारा आठवडे. जानेवारी संपेपर्यंत होईल." मग तात्यांकडे वळून म्हणाल्या, "आणि तात्या, ब गटाला गोळी नव्हती ही आमचीच चूक होती."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मॅडमकडे.

"क ला रोज बेसन मिळत होतं, ब ला मिळत नव्हतं. उद्या कोणी म्हणालं, हा गुण शेवाळाचा नाही, बेसनाचा आहे, तर तू काय उत्तर देशील? ब लाही गोळी द्यायला हवी. तशीच, तेवढीच, फक्त शेवाळाशिवाय. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, तुझ्या यायला हवं होतं. आलं यांच्या." त्यांनी तात्यांकडे मान हलवली. "कोणाचंही पान रिकामं ठेवायचं नाही. लिहून घे."

मी वहीत लिहून घेतलं. तात्या मात्र विचारात पडले होते. जिन्यावर त्यांनी मला थांबवलं.

"पण ही लबाडी झाली गो. लाडू दिसतलो, पण आत कायच नाय."

"उपासकरी समजा त्यांना," मी म्हटलं. "उपास असलेल्याला पंगतीत काय वाढता?"

त्यांनी खूप गंभीरपणे विचार केला. "तेका येगळा. तेचा तेका चलता ता."

"मग झालं तर."

"असा म्हणतंस?" ते म्हणाले. "मगे चलात."

पुढच्या अमावास्येला पुरेसं उजाडायच्या आत तात्या माझ्या होस्टेलच्या फाटकाशी हजर होते. शेवाळाच्या तीन फेऱ्या झाल्या. दोन गोणी त्यांनी खांद्यावरून आणल्या आणि मला एकीला हात लावू दिला नाही. वाळवलं त्यांनी, निवडलं त्यांनी, त्यातले शंख-शिंपले बाजूला काढले त्यांनी. मी उकळलं, गाळलं आणि भुकटी केली. नवे उंदीर आले. क च्या गोळ्या आणि ब च्या उपासाच्या गोळ्या दोन वेगळ्या डब्यांत भरल्या, आणि तात्यांनी ब च्या डब्यावर खडूने मोठा "उ" काढला. बारा आठवड्यांत त्यांनी एकदाही डबे चुकवले नाहीत. पहिल्या पंधरवड्यात मी रोज सकाळी दाराआड उभं राहून पाहायचे. मग एक दिवस ते न वळताच म्हणाले, "भायर डास चावतत, आत येवन बस," आणि मी पाळत ठेवणं सोडलं.

दर गुरुवारी बाबांचा फोन यायचा. "पेशंट काय म्हणतात?"

"जेवतायत," मी सांगायचे. "तुम्ही?"

"मी पण जेवतोय," ते म्हणायचे आणि हसायचे. आईने मागून सांगितलं की वजन आणखी तीन किलो वाढलंय आणि जिना चढताना आता मध्ये थांबतात.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही उंदीर उघडले. तात्या या कामाला कधी थांबायचे नाहीत. त्या दिवशी थांबले, दारापाशी, टोपी हातात धरून.

ब-एक. यकृत पिवळं, फुगून कडा गोल झालेल्या, चिमट्यातून निसटत होतं. क-एक. तांबूस तपकिरी, कडा पातळ. ब-दोन पिवळं. क-दोन तपकिरी. पाचव्या जोडीपर्यंत मी प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचायला लागले होते. दहाव्या जोडीला मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला.

"फरक आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "जा, चहा पी. हात धू आधी."

मी हात धुतले, नाचायचंच काय ते बाकी होतं. माझी पीएच.डी. झाल्यात जमा होती. वळून बघते तर तात्या ट्रेजवळ उभे होते. ब च्या ओळीकडे बघत होते.

"ह्ये उपासकरी?"

"हो, तात्या."

"पिवळे झाले सगळे."

"हो."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तुझ्या बापाशीचा ह्यातला खयचा?"

बाबांचं मी त्यांना खडकांवर शेवाळ कातरताना सांगितलं होतं, तरी मला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर मी बोटाने ब ची ओळ दाखवली.

"मगे तेका कधी वाढतलंस?"

"अजून नाही वाढता येणार, तात्या. हे उंदरांवर झालं. माणसांवर बघायला अजून दहा वर्षं लागतील. जास्तही लागतील. कदाचित माणसांत चालणारही नाही."

"आणि तवसर तो उपाशी?"

"तो उपाशी कुठला!" मला रडू आणि हसू एकदमच आलं. "खातोय नुसता. कोणाचं ऐकत नाही. कमी खा, चाला, एवढंच करायचंय, तेवढं केलं तरी ते पिवळं उतरतं. पण डॉक्टरांवर रुसलाय आणि माझं ऐकत नाही."

तात्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "फोन लाव."

"आता?"

"लाव म्हणतंय मा."

ऑफिसातून मी घरचा नंबर फिरवला. बाबांनीच उचलला. मी काही बोलायच्या आत तात्यांनी रिसीव्हर घेतला, आणि घाटावरच्या माणसाशी बोलायचं म्हणून जमेल तेवढं शुद्ध बोलायला लागले.

"नमस्कार. मी विश्राम मोंडकर. तुमच्या मुलीच्या उंदरांकडे असतो. तुमची मुलगी पास झाली. होय. हुशार आहे. आता आयका. औषध येणार, पण टाईम आहे. तवसर एक काम करायचं. पंगतीत बसलात की पोटाक एकदा पुरे झाला काय पानावर असो आडवो हात धरायचो." रिसीव्हर मानेत धरून त्यांनी खरंच हात आडवा धरून दाखवला, जणू बाबांना दिसणार होता. "वाढपी आग्रह करणार. करू दे. हात काढायचो नाय. मी चाळीस वर्सां वाढतंय, म्हणान सांगतंय. आमी वायट मनान वाढनंव नाय ओ. पण आमचा आयकायचा नाय."

पलीकडून बाबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. तात्या मात्र बराच वेळ "होय, होय" म्हणत राहिले, मग एकदा "ता माका ठावक आसा, तुमी घेणारे न्हय," असं म्हणाले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "अभिनंदन," बाबा म्हणाले, "कोण गं हे गृहस्थ?" पण उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. शेवाळाचं औषध अजून कोणाच्या पानात पडलेलं नाही. काम चालू आहे, मीही त्यातच आहे. तात्या त्या मे महिन्यात निवृत्त झाले आणि पुढची नऊ वर्षं गावच्या पंगती वाढून गेले.

त्या फोननंतर तीन आठवड्यांनी माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. मला प्रबंधाच्या घाईत जाता आलं नाही. आईने नंतर सांगितलं. जिलबी आली, बाबांनी एक घेतली, आणि मग पानावर आडवा हात धरला. वाढणारा मुलीकडचा, उत्साही. तीनदा फिरून आला, "एक तरी घ्या, आमची शपथ आहे," म्हणाला. सगळी पंगत बघायला लागली.

बाबांनी हात काढला नाही.